बालमनाच्या अभ्यासक : ताराबाई मोडक

आमच्या निवासी विद्यालयाच्या या स्मरणिकेत तथागतांविषयी, महात्मा फुले व सावित्रीबाईंविषयी आणि बाबासाहेबांविषयी मान्यवरांनी लिहिले आहे. आम्ही ज्या चरित्राकडे वळत आहोत ते तुलनेने कमी स्मरले जाते. तथापि लहान मुलांना घरापासून दूर ठेवून वाढविण्याची जबाबदारी ज्यांनी स्वीकारली आहे, अशा आमच्यासारख्यांना ते टाळता येण्याजोगे नाही. हे चरित्र आहे ताराबाई मोडक यांचे. त्यांच्या कार्याचे अखेरचे क्षेत्र कोसबाड. आज ते पालघर जिल्ह्यात मोडते. परंतु २०१४ पर्यंत आमची चिखलोली आणि ताराबाईंचे कोसबाड एकाच ठाणे जिल्ह्यात होते. म्हणजे ही आमच्याच जिल्ह्याची कथा आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. मुलीला शिकवावे की नाही, हा प्रश्न त्या काळी घरोघरी वादाचा असे. या घरात तो वाद नव्हता. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. तत्त्वज्ञान हा त्यांचा विषय. पुढल्या वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. कन्या प्रभा हिचा जन्म १९२० चा. परंतु हा संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या पतीपासून विभक्त झाल्या. पदरी लहान मूल, समाजाची चमत्कारिक नजर आणि उपजीविकेचा प्रश्न, अशा स्थितीत त्यांनी राजकोट येथील बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. भारतीय स्त्रीला असे पद मिळणे त्या काळी अपूर्वच होते. मान होता, वेतन होते, स्थैर्य होते.

हे सर्व सोडून १९२३ साली त्या भावनगरला गेल्या. तेथील दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते मारिया माँटेसरी यांच्या ग्रंथांपर्यंत पोहोचले. माँटेसरी या इटलीतील डॉक्टर. मतिमंद समजल्या गेलेल्या मुलांवर उपचार करीत असताना त्यांना प्रश्न पडला, की या मुलांची बुद्धी खरोखर मंद आहे, की तिला चालना देणारे साधनच त्यांच्या हाती कोणी दिलेले नाही? १९०७ साली रोमच्या एका गरीब कामगार वस्तीत त्यांनी बालगृह उघडले आणि मुलांच्या वर्तनाचे निरीक्षण हाच शिक्षणाचा पाया मानला. मुलाने काय करावे हे आधीच ठरवून टाकण्यापेक्षा मूल काय करते हे प्रथम पाहावे, असा तो विचार होता. आज बालमानसशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात निरीक्षण ही मूलभूत पद्धत म्हणून सांगितली जाते. त्या काळी मात्र शिक्षकाने बोलायचे आणि मुलाने ऐकायचे, एवढीच रीत होती.

ताराबाई भावनगरला नऊ वर्षे राहिल्या. गुजराती आत्मसात करून त्यांनी गिजुभाईंच्या जोडीने लिहिले, संपादन केले, शिक्षक घडविले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. या वर्षांत त्यांची जी दृष्टी तयार झाली ती आयुष्यभर टिकली. मूल हट्ट करते, वस्तू फेकते, खोटे बोलते, एका जागी बसत नाही. या सर्वांस आपण खोड्या म्हणतो आणि शिक्षेची तयारी करतो. ताराबाई त्यांस लक्षणे मानीत. अंगात ताप आला तर वैद्य तापाला मारत नाही, त्याचे कारण शोधतो. तसेच वर्तनाचे आहे. हाताला काम नसेल तर हात तोडफोड करतील. जे मूल सतत भीत असते, त्याला खोटे हा एकमेव आश्रय उरतो. मारामुळे वर्तन काही काळ दबते, परंतु कारण तसेच राहते आणि त्यात भयाची भर पडते. बक्षिसाचे आमिषही त्यांना मान्य नव्हते. कारण मग मूल कामाकडे न पाहता बक्षिसाकडे पाहू लागते. मुंबईस परतल्यावर त्यांनी शिक्षणपत्रिका मराठीतून काढली आणि हे विचार सामान्य आईबापांपर्यंत नेले. बालकांचा हट्ट, बालविकास व शिस्त, बिचारी बालके ही त्यांच्या पुस्तकांची नावेच सांगतात, की त्यांच्या चिंतनाचा विषय मुलाचे मन आणि त्याचे वर्तन हा होता. वर्णमाला व पाढे त्यानंतर येत.

१९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले. बालशिक्षकांच्या प्रशिक्षणाची सोयही तेथे झाली. शिशुविहार नावारूपास आले. येथेच थांबल्या असत्या तरी बालशिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव राहिले असते. परंतु यशातच त्यांना उणीव दिसली. माँटेसरीचे बालगृह रोमच्या गरीब वस्तीत जन्मले होते. आपल्या देशात मात्र ते सुखवस्तूंच्या मुलांपुरते उरले होते. साधने महाग, शुल्क परवडणारे नाही, आणि शाळा शहरात. ज्या मुलांचे बालपण सर्वाधिक खडतर, त्यांच्यापर्यंत बालमनाचा हा अभ्यास पोहोचतच नव्हता. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी मुंबई सोडली आणि समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र उभारले. हे वर्ष १९४५. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. तेराव्या वर्षी वैधव्य आलेल्या, स्वकष्टाने शिकलेल्या अनुताईंनी पुढे जन्मभर हे कार्य वाहिले.

त्याच वर्षाच्या ८ जुलैला बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. एकीकडे वंचितांच्या मुलांसाठी महाविद्यालयाची दारे उघडण्याची सिद्धता चालू होती आणि दुसरीकडे अशाच मुलांच्या पहिल्या पाच वर्षांचा विचार सुरू झाला होता. दोन्ही कार्यांचे स्वरूप वेगळे, प्रेरणाही वेगळ्या. परंतु महाविद्यालयाच्या पायरीपर्यंत पोहोचणारे पाऊल अंगणातच पहिल्यांदा टाकावे लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे दोहोंचा संबंध उमगतो.

बोर्डीची बालवाडी सुरू झाली. पण गावाबाहेरच्या दलित वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. अशा वेळी संस्थाचालकांचे नेहमीचे उत्तर तयार असते: आम्ही सोय केली, लोकांनाच शिक्षणाची आवड नाही. ताराबाईंनी ते उत्तर दिले नाही. मुलांच्या न येण्यालाही त्यांनी वर्तनच मानले आणि त्याचे कारण शोधले. ज्या वस्तीला गावाने पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवले, तेथल्या चार वर्षांच्या मुलाने एकट्याने गावात येऊन नव्या इमारतीची पायरी कशी चढावी? त्याच्या पायांना अडविणारी भीती त्याची स्वतःची नव्हती. ती समाजाने त्याच्या घरात पोहोचविली होती. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, असे ठरले. वस्तीतल्याच एका अंगणात, आईच्या नजरेसमोर, बालवाडी भरू लागली. आंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे, मग गाणी, गोष्टी, खेळ असा क्रम असे. महागड्या साधनांच्या जागी शंख, शिंपले, बिया, खडे, पाने आणि काटक्या आल्या. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी. आज देशभर खेड्यापाड्यांत हा शब्द वापरला जातो. २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तो सरकारी दप्तरात नेला. त्याचा उगम मात्र एका दलित वस्तीच्या अंगणात आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. यात उपकाराची भावना शोधू नये. ते मुलांच्या नकाराचा अर्थ समजून घेणे होते.

१९५७ च्या सुमारास केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. आचार्य भिसे यांनी त्या परिसरात आदिवासींच्या शिक्षणाचे काम आरंभिले होतेच. येथे वारली मुलांचे प्रश्न आणखी निराळे होते. मोठी मुले गुरे घेऊन रानात जात. मोठ्या बहिणी धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन घरी राहत. अनुपस्थितीबद्दल त्यांना दोष देणे सोपे होते. ताराबाईंनी आणि अनुताईंनी शाळेचीच घडी बदलली. गुरे चरतात तेथे शिक्षक जाऊ लागले. त्यास कुरणशाळा म्हटले गेले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी केली. म्हणजे धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली वर्गात. भावंडाची चिंता मिटली तेव्हाच तिचे मन पाटीवर बसले. मन स्थिर होण्यासाठी मुलाचे ओझे उतरावे लागते, हे सूत्र कोसबाडने कृतीने सिद्ध केले.

मध्यंतरी ताराबाई मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. सन्मानांची यादी येथे लांबवीत नाही. कारण त्यांचे खरे स्मारक मुलांकडे पाहण्याच्या दृष्टीत आहे.

ती दृष्टी आम्हांस किती उशिरा आली, हे कबूल केल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. आमच्या वसतिगृहात अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर येथील कष्टकऱ्यांची मुले राहतात. काही वर्षांपूर्वी दहा वर्षांचा एक मुलगा रात्री अंथरूण ओले करीत असे. आम्ही त्याला समजावले, मग रागावलो, आणि एकदा सर्वांसमोर त्याला ओली चादर धुवावयास लावली. त्या दिवसापासून तो बोलेनासा झाला. आमच्यातील एका जुन्या शिक्षिकेने ताराबाईंचे चरित्र वाचले होते. त्यांनी एक वही केली आणि निमूटपणे रोजची नोंद ठेवली: कोणत्या रात्री घडले, त्या दिवशी काय झाले होते. दोन महिन्यांनी वही आमच्यापुढे ठेवली. ज्या रविवारी पालकभेट असे आणि त्याचे वडील येत नसत, त्या रविवारनंतरच्या रात्री ओल्या होत्या; बाकीच्या बहुतेक कोरड्या. आम्ही ज्यास आळस समजलो ते वाट पाहणे होते. मुलाला डॉक्टरांना दाखविले, वडिलांना निरोप धाडला, आणि चादर बदलण्याचे काम रात्रीच्या काळजीवाहकांनी कोणास न कळता करावे असे ठरविले. त्रास एका रात्रीत थांबला नाही. पण मूल पुन्हा बोलू लागले. ती ओली चादर आम्ही सर्वांसमोर धुवावयास लावली होती, हे मात्र आम्हांस पुसता येणार नाही.

घरापासून तुटलेल्या मुलांच्या मनाचा अभ्यास जगभर झालेला आहे. १९५१ साली जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात मातेच्या मायेला पारखे झालेल्या, संस्थांत वाढणाऱ्या मुलांच्या मानसिक आरोग्याची मांडणी केली. पोट भरणे आणि छप्पर देणे पुरेसे नाही. मुलाला सातत्याने आपले म्हणणारे एक तरी माणूस हवे, हा त्याचा सारांश. किशोरवयाकडे तर आपले लक्ष फारच उशिरा गेले. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला आणि त्यात मानसिक आरोग्याला स्थान मिळाले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केली. ताराबाई जे कित्येक दशके आधी मांडत होत्या, ते असे हळूहळू शास्त्राच्या आणि कायद्याच्या भाषेत आले. परंतु कायदा हात रोखू शकतो. मुलाकडे पाहण्याची नजर तो देऊ शकत नाही. ती शिक्षकाने स्वतः कमवावी लागते.

दुःख आहे, तर त्याला कारण आहे, आणि कारण दूर करता येते, हे आमच्या विद्यालयात मुले रोज ऐकतात. ते मुलांना शिकविताना आम्ही प्रौढांनी मुलांच्याच बाबतीत किती वेळा विसरलो, याची जाणीव ताराबाईंच्या चरित्राने करून दिली. त्या शिक्षिका आता निवृत्त झाल्या आहेत. वही मात्र चालू आहे. प्रत्येक दालनासाठी एक. तिच्यात कोणाचे गुण लिहिले जात नाहीत, कोणाचे गुन्हेही नाहीत. कोण जेवले नाही, कोण एकटे बसले, कोणाला पत्र आले, कोणाला आले नाही, एवढेच. नव्याने येणाऱ्या शिक्षकाच्या हाती आम्ही पहिल्या दिवशी छडी देत नाही. ही वही देतो.

ज्यांनी अंगणात बसून मुलांचे मौन वाचावयास शिकविले, त्या ताराबाई मोडक यांच्या स्मृतीस आमच्या विद्यालय परिवाराचे विनम्र अभिवादन.