प्रश्न विचारण्याचा हक्क

व्याधीपेक्षा तिच्याविषयीची लाजच पुष्कळदा अधिक घातक ठरते. पुणे-सोलापूर महामार्गावरील टेंभुर्णीसारख्या गावात निरोधाविना घडलेल्या संबंधानंतर एखाद्या तरुणाची जांघ दुखू लागली, तर डॉक्टरकडे जाण्याऐवजी तो रात्री जागून काढतो. ही लाज दूर करण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या रघुनाथ धोंडो कर्वे यांचे स्मरण म्हणूनच आजही अगत्याचे आहे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे ज्येष्ठ पुत्र १४ जानेवारी १८८२ रोजी जन्मले. ते गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. हा प्रचार सोडण्याऐवजी त्यांनी विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडली. पत्नी मालतीबाईंनी या खडतर वाटचालीत त्यांना साथ दिली.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. पेनिसिलिन उपलब्ध होण्यापूर्वीच्या त्या काळात परमा व उपदंश यांची दहशत मोठी होती. गुप्तरोग जंतूंमुळे होतो, पापामुळे नव्हे, अशी कर्व्यांची निःसंदिग्ध भूमिका होती. जे प्रश्न घरी वा शाळेत उच्चारणेही अशक्य, ते वाचक त्यांना विचारीत आणि ते शास्त्राच्या भाषेत उत्तर देत. अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तरीही दंड झालाच. कर्व्यांनी मात्र १४ ऑक्टोबर १९५३ रोजी झालेल्या निधनापर्यंत मासिक चालविले.

त्यांनी चोखाळलेला मार्ग आजच्या चिंतातुर तरुणालाही उपयोगी आहे. जांघेतील प्रत्येक वेदना गुप्तरोगाची नसते. ताणलेला स्नायू, अंतर्गळ, मूत्रखडा यांनीही ती उद्भवते. पायाची जखम चिघळली तरी जांघेत अवधाण येते. उलट, काही संसर्ग कोणतेही लक्षण न दाखविता शरीरात राहतात. म्हणून केवळ वेदनेवरून निदान करणे जितके व्यर्थ, तितकेच वेदना थांबली म्हणून निश्चिंत होणेही धोक्याचे. तपासणी हाच निर्णय. वृषणात अकस्मात तीव्र कळ आल्यास तासाचाही विलंब नको. एचआयव्हीचा धोका संभवत असल्यास प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. शासकीय चाचणी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी विनामूल्य होते व ती गोपनीय राहते.

औषधे आली, केंद्रे निघाली. परंतु त्यांच्या दारापर्यंतची वाट अजूनही लाजेने अडविलेली आहे. शिक्षकाने वर्गात आणि वडीलधाऱ्यांनी घरात असा प्रश्न न रागावता ऐकून घेतला, तरच ती मोकळी होईल. कर्व्यांनी दंड भरला तो याच हक्कासाठी.