अण्णांचा हिशेब

डेक्कन एज्युकेशन सोसायटीतील मतभेद विकोपाला जाऊन १८९० साली टिळक संस्थेबाहेर पडले आणि फर्गसन महाविद्यालयात गणित शिकविण्यासाठी पुढील वर्षी धोंडो केशव कर्वे यांना पाचारण करण्यात आले. दोघेही रत्नागिरी जिल्ह्याचे. कर्व्यांना बोलावणारे गोपाळ कृष्ण गोखलेही त्याच जिल्ह्यातील कोतळूकचे. परंतु सहकाऱ्यांशी वागण्याच्या त्यांच्या रीतींत जमीन-अस्मानाचे अंतर होते. टिळकांनी संस्था सोडताना आपली बाजू सविस्तर लिहून काढली. कर्वे वादात उतरतच नसत.

१८५८ साली जन्मलेल्या आणि मुरुडात वाढलेल्या या मुलाचा संकोच जन्मजातच म्हणावा लागेल. परीक्षेसाठी तो मुरुडाहून साताऱ्यापर्यंत पायी गेला आणि वय लहान दिसते म्हणून त्याला परत पाठविण्यात आले. तक्रार न करता तो पुन्हा अभ्यासाला लागला. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकले. त्यावरही त्यांनी गावाशी भांडण मांडले नाही.

असा मनुष्य संस्था चालवितो तरी कशी? आदेश सोडून नव्हे, हे उघड आहे. आणि व्याख्यानांनी सभा जिंकण्याचे सामर्थ्यही त्यांच्याजवळ नव्हते. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या सहा एकर जागेवर, हिंगण्यास, एका झोपडीत तो नेला. महाविद्यालयातील तास आटोपून चिखल तुडवीत ते हिंगण्यास जात. वर्गणी मागण्यास दारोदार फिरत. मिळालेल्या रकमेचा हिशेब अहवालात छापला जाई. देणगीदारांशी त्यांचा खरा संवाद या आकड्यांतून चाले. (अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे अहवाल अवश्य चाळावेत, विश्वास हेही भांडवलच असते.)

स्वतः मितभाषी असलेल्या कर्व्यांनी बोलण्याचे काम इतरांवर सोपविले, हे विशेष. त्यांची मेहुणी पार्वतीबाई आठवले आश्रमात विद्यार्थिनी म्हणून आल्या, पुढे आश्रमासाठी गावोगाव व्याख्याने देत फिरल्या आणि १९१८ साली थेट अमेरिकेस गेल्या. ज्या समाजात विधवेने चारचौघांत तोंड उघडू नये असा दंडक होता, तेथे हे घडले. एखाद्या वक्तृत्वसंपन्न संस्थाचालकाने असे व्यासपीठ दुसऱ्याला दिले असते की नाही, याची शंकाच वाटते.

या अबोलपणाची दुसरी बाजूही नाकारता येणार नाही. एक संस्था पायावर उभी राहते न राहते तोच अण्णांचे मन पुढच्या संस्थेकडे धावे. १९०७ साली महिला विद्यालय, १९०८ साली निष्काम कर्ममठ, १९१६ साली महिला विद्यापीठ. सहकाऱ्यांची समजूत घालण्यासाठी लागणारा वेळ बहुधा त्यांना परवडत नसावा. परिणामी मागे राहिलेल्यांना नव्या भाराचा वाटा उचलावा लागे.

१९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठास १५ लाख रुपये देऊ केले. एवढा आधार मिळाल्यावर दुसरा कोणी खुर्चीत स्थिरावला असता. कर्वे मात्र १९३६ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी पुन्हा वर्गणी गोळा करण्यास निघाले.