देवळालीचे गणितानंद

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद होता, आणि आकडेमोडीची गोडी मुलाला त्यांच्याकडूनच लागली. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचे फर्ग्युसन. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले व १९२९ साली ते बी.एस्सी. झाले. पुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत ते शाळामास्तर होते.

सोयरीक जुळवणारा माणूस जशी घराणी ओळखतो, तशा कापरेकर संख्या ओळखत. एक मोठी संख्या घेऊ या. नऊ वेळा एक लिहा, १११११११११, आणि तिला तिनेच गुणा. १२३४५६७८९८७६५४३२१ येते. उलट वाचली तरी तीच! मधला ९ बाजूला ठेवून डावे आठ अंक आणि उजवे आठ अंक यांची बेरीज केली, तर आठ वेळा नऊ येतात. या घराण्याला त्यांनी डेम्लो हे नाव दिले. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर डेम्लो नावाच्या, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली होती.

हिचे दुसरेही घराणे आहे. सर्व अंकांची बेरीज ८१ होते, आणि ८१ ने या संख्येला पूर्ण भाग जातो, कारण नऊ एकांच्या संख्येला ९ ने भाग जातो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो, ती हर्षद, म्हणजे हर्ष देणारी. आपली साधी १२ देखील हर्षदच. मात्र नवाऐवजी दहा एक घेऊन वर्ग केला, तर हातचे येतात आणि सगळा डौल मोडतो.

अनेक विद्वान या कामाला हसले. हा पोरखेळ आहे, असे त्यांना वाटे. कापरेकरांनी मग देवळालीहून स्वतःच पुस्तिका छापल्या. १९६६ साली पत्नी वारल्या. पेन्शनवर भागेना, म्हणून म्हातारपणी ते शिकवण्या करू लागले. पुढे मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्या संख्यांवर लिहिले, तेव्हा कुठे जगाला हे नाव कळले. तोवर त्यांनी सत्तरी ओलांडली होती. कौतुक दाराशी यायला इतका उशीर व्हायला नको होता.

१९८६ साली देवळालीतच त्यांचे निधन झाले. ६१७४ ही संख्या आज कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते. घरातल्या मुलांना त्यांचे जन्मवर्ष १९०५ द्यावे. अंक उतरत्या क्रमाने ९५१०, चढत्या क्रमाने ०१५९, वजाबाकी ९३५१. उत्तराचे पुन्हा तसेच करीत राहावे. सातव्या वजाबाकीला ६१७४ हाती येईल, आणि त्यापुढे कितीही वेळा केले तरी तेच.