कॅरोलन यांचा निरोप

युरोप खंडात आयर्लंड नावाचे एक बेट आहे. हार्प हे तंतुवाद्य तिथे फार जुन्या काळापासून वाजवतात. या वाद्यावरची एक संथ, उदास चाल प्रसिद्ध आहे. तिचे नाव ‘कॅरोलनचा संगीताला निरोप’ असे आहे. हे कॅरोलन कोण होते, ते आज आपण पाहू.

टर्लो कॅरोलनचा जन्म १६७० मध्ये मीथ परगण्यात नॉबर गावाजवळ झाला. पुढे त्याचे वडील रॉसकॉमन परगण्यात मॅक्डरमॉट रो या जमीनदार घराण्याकडे कामाला राहिले. टर्लो हुशार होता. म्हणून तिथल्या मालकीणबाईंनी त्याच्या शिक्षणाची सोय केली.

पण अठराव्या वर्षी त्याला देवी आल्या. त्या काळी देवीची लस नव्हती. टर्लोचा जीव वाचला, पण डोळे कायमचे गेले.

आता या मुलाने पोट कसे भरायचे? मालकीणबाईंनी त्याला एका हार्पवादकाच्या हाताखाली ठेवले. इतर वादक लहानपणीच शिकू लागत. टर्लोला उशीर झाला होता, तरी त्याने तीन वर्षे नेटाने मेहनत केली. मग बाईंनी त्याला घोडा आणि वाट दाखवणारा सोबती दिला.

त्यानंतर सुमारे ४५ वर्षे कॅरोलन गावोगाव फिरले. त्यांच्याहून सरस वादक पुष्कळ होते. पण नव्या चाली बांधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ज्याच्या घरी मुक्काम असे, त्या यजमानाच्या नावाने ते चाल बांधत. आधी चाल, मग तिच्यावर शब्द, अशी त्यांची रीत होती.

१७३८ मध्ये त्यांची प्रकृती ढासळली. तेव्हा ते ऑल्डरफर्डला, त्याच मालकीणबाईंच्या घरी गेले. तिथे त्यांनी हार्प मागवले आणि आपली शेवटची चाल वाजवली, असे सांगतात. हीच ती निरोपाची चाल. २५ मार्च १७३८ रोजी ते वारले.

त्यांच्या बहुतेक चाली लोकांच्या कानांत आणि वादकांच्या बोटांतच राहिल्या होत्या. १७९२ मध्ये बेलफास्ट शहरात वृद्ध हार्पवादकांचा मेळावा भरला. त्यांतले अनेक जण अंध होते. एडवर्ड बंटिंग या १९ वर्षांच्या तरुणाने त्यांचे वादन ऐकून जुन्या चाली लिहून घेतल्या. अशा प्रयत्नांमुळे कॅरोलन यांच्या दोनशेहून अधिक चाली आज आपल्याला मिळतात. पुढे आयर्लंडने ५० पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्रही छापले.

मित्रांनो, ही चाल कधी कानी पडली, तर नीट ऐका. ज्या घराने आधार दिला, त्याच घरी एका अंध कलावंताने शेवटचे सूर छेडले. म्हणूनच त्या सुरांत दुःखाबरोबर कृतज्ञताही आहे.