पुस्तके बांधता बांधता शास्त्रज्ञ

मायकेल फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी इंग्लंडमध्ये एका गरीब लोहाराच्या घरी झाला. शाळा जेमतेम लिहिण्यावाचण्यापुरती. चौदाव्या वर्षी ते लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागले. बांधायला आलेली पुस्तके ते वाचूनही काढीत. जेन मार्सेट या लेखिकेच्या पुस्तकाने त्यांना रसायनशास्त्राची गोडी लावली.

१८१२ साली त्यांनी हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, टिपणे काढली, स्वतः बांधली आणि डेव्हींनाच पाठवली. १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस झाले. तेथेच १८२५ साली त्यांनी बेंझीन शोधून काढले. विजेने पदार्थाचे विघटन होते, तेव्हा जितकी वीज जाते त्या प्रमाणात पदार्थ सुटा होतो, हा नियमही त्यांचाच.

एवढे मोठे झाल्यावरही ते मुलांना विसरले नाहीत. १८६० च्या नाताळात त्यांनी साध्या मेणबत्तीवर व्याख्यानमाला दिली. मेण वितळले तरी ते मेणच; निवले की पुन्हा घट्ट होते. पण वातीतून चढलेले मेण वाफ होऊन जळते, तेव्हा त्याचे पाणी व कार्बन डायऑक्साइड होते. ज्योतीवर थंडगार भांडे धरून ते पाण्याचे थेंब दाखवीत. असे जळालेले मेण परत मिळत नाही.

२५ ऑगस्ट १८६७ रोजी ते निवर्तले.

मित्रहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी पहिले पुस्तक आपणच नेले. परीक्षेपुरते वाचन वितळलेल्या मेणासारखे. निकालानंतर माणूस पूर्ववत होतो. फॅरडे यांचे वाचन जळणाऱ्या मेणासारखे होते. म्हणून उजेड पडला.