उकिरड्यातून प्रयोगशाळा उभारणारे आचार्य कार्व्हर

थोरांची चरित्रे मुलांपुढे ठेवण्याचा आपल्या स्मरणिकेचा प्रघात आहे. यंदाचे चरित्रनायक परदेशीय असले तरी महाराष्ट्रास परके नाहीत. श्रीमती वीणा गवाणकर यांच्या १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकाने जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी घरांत पोहोचविले. त्यांच्या ज्या एका गुणाची आज आपल्या मुलांस निकड आहे, त्याचाच येथे विशेष विचार करू.

अमेरिकेतील मिसुरी राज्यात, डायमंड ग्रोव्ह येथे, १८६४ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. आई गुलाम असल्याने जन्मतिथीची नोंदही कोणी ठेविली नाही. तान्हेपणीच दरोडेखोरांनी मायलेकरांस पळवून नेले. मूल परत मिळाले, त्याबदली मालकास एक घोडा द्यावा लागला. आई मात्र पुन्हा दिसली नाही. मोझेस व सुसान कार्व्हर या दांपत्याने पोराचा सांभाळ केला. प्रकृती अशक्त असल्याने शेतातील कष्टाची कामे त्यास झेपत नसत. रानात हिंडावे, कोमेजलेली रोपटी आणून जगवावी, हाच त्याचा छंद होता. शेजारीपाजारी त्यास झाडांचा वैद्य म्हणू लागले.

विद्येसाठी त्यांनी सोसलेले हाल मोठे आहेत. जवळच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांस प्रवेश नव्हता, म्हणून ते निओशो गावी गेले. पुढे कॅन्ससमधील एका महाविद्यालयाने पत्राने दिलेला प्रवेश वर्ण पाहताच नाकारला. तरीही धीर न सोडता, लोकांचे कपडे धुऊन पोट भरीत, १८९० साली ते आयोवातील सिम्प्सन महाविद्यालयात दाखल झाले. नंतर आयोवाच्याच कृषिमहाविद्यालयातून त्यांनी १८९४ मध्ये पदवी आणि १८९६ मध्ये उच्च पदवी संपादन केली.

त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या निमंत्रणावरून ते अलाबामातील टस्कीगी येथे अध्यापक म्हणून गेले. तेथे प्रयोगशाळा अशी नव्हतीच व उपकरणांस पैसाही नव्हता. कार्व्हर विद्यार्थ्यांस घेऊन उकिरडे धुंडाळू लागले. टाकून दिलेल्या बाटल्या, फुटकी भांडी, झाकणे, तारा असे जे मिळाले ते त्यांनी आणिले. बाटल्यांच्या माना कापून प्रयोगपात्रे केली, शाईच्या दौतीचा दिवा झाला, जाड कपाचा खल झाला. मुलांचा पहिला धडा प्रयोग सुरू होण्यापूर्वीच झाला होता!

हीच दृष्टी त्यांनी मातीकडे वळविली. वर्षानुवर्षे कापूस घेतल्याने तेथील जमीन निःसत्त्व झाली होती. रानातील पालापाचोळा, दलदलीतील गाळ व घरचे खरकटे कुजवून त्यांनी खत केले. मातीस नत्र परत देणारी चवळी व भुईमूग ही पिके लावण्यास शेतकऱ्यांस शिकविले. १९०६ पासून हे ज्ञान फिरत्या गाडीतून खेडोपाडी जाऊ लागले. मुलांनाही त्यांनी वगळले नाही. १९१० साली ग्रामीण शाळांसाठी निसर्गाभ्यास व बागकाम यांवर पुस्तिका काढून, मुलांच्या हाती माती देऊनच निसर्ग शिकवावा, असा मार्ग त्यांनी शिक्षकांस दाखविला.

स्वतःची राहणीही तशीच. जुनेच कपडे अंगावर, कोटास मात्र ताजे फूल! अशी जमविलेली पुंजी त्यांनी १९४० मध्ये स्थापिलेल्या संशोधन संस्थेस अर्पण केली. ५ जानेवारी १९४३ रोजी त्यांचा देहान्त झाला.

आता आपल्या घरांकडे पाहू. पर्यावरण हा विषय आज शाळेत आहे. ‘टाकाऊतून टिकाऊ’ वस्तू करून आणावयास मुलांस सांगतात. आणि आम्ही पालक काय करितो? दुकानात जाऊन कोरा पुठ्ठा, चकचकीत कागद व डिंकाची नवी बाटली आणून देतो! वस्तू पूर्ण होते, गुण मिळतात आणि आठवड्याने सारे कचऱ्यात जाते. अध्यापकीच्या काळात अशा कित्येक वस्तू प्रस्तुत लेखकाने तपासल्या आहेत. मुलाने त्यातून जे शिकावयाचे, त्याच्या नेमके उलट ते शिकते.

म्हणून सुज्ञ पालकांस विनंती की, पुढील वेळी दुकानाऐवजी घरातील अडगळ मुलापुढे ठेवावी. भाजीचे देठ व साली कुंडीत कुजवून त्यात एक वेल लावून घ्यावा. वस्तू ओबडधोबड झाली तरी चालेल. कार्व्हरांची प्रयोगपात्रेही सुबक नव्हती. परंतु त्यांतूनच एका दरिद्री प्रदेशास आपल्या मातीची किंमत कळली.