बर्नार यांनी कुत्राच का निवडला?

क्लोद बर्नार पॅरिसला गेले ते नाटककार व्हायला. १८१३ साली फ्रान्समधल्या सां-ज्युलियाँ गावी, द्राक्षमळ्यात राबणाऱ्या घरात त्यांचा जन्म झाला. लियोंमध्ये औषधांच्या दुकानात उमेदवारी करताना त्यांनी नाटके लिहिली. पॅरिसच्या एका नामवंत समीक्षकाने नाटक वाचून वैद्यक शिकण्याचा सल्ला दिला आणि बर्नार यांनी तो ऐकला, हे आपले भाग्यच.

साखर फक्त वनस्पती बनवतात, प्राण्यांना ती अन्नातूनच मिळते, असा तेव्हा समज होता. तो तपासायला ससा कुचकामी होता; त्याच्या चाऱ्यातच पिष्ट आणि साखर. कुत्रा मात्र निव्वळ मांसावर राहतो. बर्नार यांनी कुत्र्यांना काही दिवस मांसच घातले. आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या रक्तात साखर नव्हती, यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात ती भरपूर होती. पुढे १८५५ मध्ये त्यांनी काढलेले यकृत पाण्याने धुऊन साखरमुक्त केले आणि तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा साखर! १८५७ मध्ये तिचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, त्यांनी वेगळा काढला.

योग्य प्राणी निवडला तर अर्धे उत्तर हाती येते, हे त्यांनी १८६५ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात आवर्जून मांडले. आजही ही निवड सोपी झालेली नाही. हिमोफिलिया-बी या रक्तस्रावाच्या आजारात रक्त गोठवणारे प्रथिन यकृतात नीट बनत नाही. म्हणून निरुपद्रवी विषाणूवर लादून त्याचे जनुक यकृताच्या पेशींत पोचवतात. हा आजार जन्मतःच असलेल्या कुत्र्यांत तो उपचार वर्षानुवर्षे टिकला. माणसांवरील चाचणीत, २००६ च्या अहवालानुसार, प्रथिन वाढले आणि काही आठवड्यांतच घसरले. प्रतिकारशक्तीने त्या पेशींवरच हल्ला केला होता. तसा विषाणू बहुतेक माणसांच्या शरीरात लहानपणीच येऊन गेलेला असतो. कुत्र्यांनी हा धोका दाखवलाच नव्हता. आता मानवी यकृतपेशी रुजवलेले उंदीर वापरतात. विषाणू माणसाच्या पेशीत शिरतो का, हे ते सांगतात. पण त्या पेशी रुजाव्यात म्हणून त्यांची प्रतिकारशक्तीच काढून टाकलेली असते. मग हल्ल्याचे काय, हे त्यांना कसे विचारणार?

बर्नार यांच्या निवडीची किंमत घरातही चुकवावी लागली. १८४५ मध्ये लग्न झाले, तेव्हा पत्नीच्या हुंड्यावर संशोधन चालले. पण जिवंत कुत्र्यांवरचे प्रयोग तिला असह्य होते, आणि तिचा संताप अनाठायी होता असे मला तरी म्हणवत नाही. अखेर ती दोन्ही मुलींना घेऊन वेगळी झाली. १० फेब्रुवारी १८७८ रोजी बर्नार वारले. फ्रान्सने त्यांना सरकारी इतमामाने निरोप दिला.